बंब घेताना चकाकी नव्हे, नळी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंड प्रदेशात घर उबदार ठेवायला लाकडाची शेगडी घेतात, तेव्हा खोली केवढी, धुराडे किती उंच, लाकूड कोणते मिळेल, याचा हिशेब आधी होतो. सोलापुरात घर तापवायची वेळ येत नाही. इथे लाकूड जळते ते बंबात, म्हणजे मधोमध जाळाची नळी असलेल्या पाणी तापवायच्या भांड्यात, अंघोळीच्या पाण्यासाठी, आणि तो हिशेब मात्र कुणी करत नाही. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा जवळ आली, पहाटे अंगावर काटा येऊ लागला, की भांड्यांच्या दुकानांबाहेर बंब मांडले जातात. गिऱ्हाईक तांबे किती लखलखते ते पाहते, भाव करते आणि बंब उचलते. मग महिनाभरात तक्रारी सुरू होतात: धूर न्हाणीत कोंडतो, जळण फार लागते, बुडातून पाणी ठिबकते. यातल्या बहुतेक तक्रारी दुकानात दहा मिनिटे जास्त थांबले तर टळतात.

आधी माप. चार माणसांच्या घराला चाळीस लिटरचा बंब हवा, हा समज सोडून द्यावा. एका अंघोळीला बादलीभर, म्हणजे १५ लिटर पाणी लागते आणि ते ४१ अंशांच्या आसपास असले की सुखाचे वाटते. चौघांचे झाले ६० लिटर. थंडीत टाकीतले पाणी २१ अंश धरले आणि बंबातले ७५ अंशांपर्यंत तापवले, तर बंबातून २२-२३ लिटर कढत पाणी पुरते, बाकी विसणाचे थंड पाणी. म्हणजे २० ते २५ लिटरचा बंब चौघांना भरपूर झाला. मोठा घेतला तर चाळीस लिटर तापवायचे, बावीस वापरायचे आणि उरलेले दुपारपर्यंत थंड होऊ द्यायचे, असे रोज चालते.

जळणाचाही हिशेब याच आकड्यांतून निघतो. ६० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला १२०० किलोकॅलरी लागतात. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ३६०० किलोकॅलरी मिळतात. त्यातला ४० टक्के भाग पाण्यात उतरला तर सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम लाकडात काम होते. ३० टक्केच उतरला तर ११०० ग्रॅम. घरात चौघांच्या अंघोळीला रोज तीन किलो जळत असेल, तर दोन किलो धुरावाटे जात आहे. एकदा वजनकाट्यावर मोजून पाहावे, आठ दिवस नीट नोंद ठेवावी. बंब चांगला की वाईट ते दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा यातून लवकर कळते.

आता नळी. बंबाच्या मधोमध जी उभी नळी असते, तिच्यातून जाळ आणि धूर वर जातो आणि तिच्याभोवती पाणी असते. सगळा बंब म्हणजे ही नळी, बाकीचे भांडे. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो आणि तो वायू पेटला तरच ज्वाळा दिसते. त्याला पेटायला तीन गोष्टी लागतात: उष्णता, हवा आणि थोडी मोकळी जागा. बंबाच्या नळीच्या मागे थंड पाणी असल्याने ज्वाळा तिला टेकताच विझते. न जळलेला वायू मग काजळी आणि डांबर होऊन नळीला चिकटतो किंवा धूर होऊन बाहेर पडतो. म्हणून ज्या बंबात जाळी थेट नळीत बसवलेली असते आणि वरून लाकडे सोडायची असतात, तो पहिला अर्धा तास धुपतच राहतो. ज्याच्या नळीखाली सहा-आठ इंच उंचीची वेगळी भट्टी आहे, तिला लाकूड घालायचे तोंड आहे आणि त्याखाली राखेचा कप्पा आहे, तो घ्यावा. त्यात ज्वाळा आधी पुरती पेटते आणि मग नळीत शिरते. भट्टीला आतून इंचभर मातीचा लेप दिला तर आणखी फरक पडतो: तीन भाग चिकणमाती, एक भाग बारीक भुसा, घट्ट मळून, सावलीत तीन दिवस वाळवून. पहिल्या दोन दिवशी बारीक जाळच करावा; एकदम भडका केला की लेप तडकून पडतो.

वीस लिटरच्या बंबाला नळी चार इंचांची असावी. तीन इंचांची नळी आठवड्याभरात काजळीने अडीचची होते आणि धूर तोंडातून उलटा येऊ लागतो. नळी फार रुंद आणि सरळ असली तर उलटे होते: वरून ज्वाळाच बाहेर दिसू लागते. अशा नळीत लोखंडी पट्टी पीळ देऊन सोडली की धूर फिरत वर जातो, भिंतीला जास्त घासतो आणि पाणी लवकर तापते. मात्र हा उपाय धुराडे उंच असेल तरच करावा, नाहीतर ओढ मरते.

जाळी बिडाची घ्यावी. सळईची जाळी लाल होऊन वाकते. दोन पट्ट्यांमधली फट साधारण एक सेंटिमीटर असावी. त्याहून बारीक असली तर राखेने बुजते, मोठी असली तर निखारे पुरते जळण्याआधीच खाली पडतात. दुकानात बंबावर वाकून नळीतून खाली पाहावे, जाळीच्या फटींतून उजेड दिसला पाहिजे. त्याच वेळी नळीत हात घालून सांधा चाचपावा. खडबडीत, ओघळलेला, मध्येच पातळ झालेला सांधा बोटांना लगेच कळतो.

तांबे की स्टील, हा वाद फार रंगवला जातो. तांबे उष्णता स्टीलपेक्षा पंचवीसपट सहज वाहून नेते, हे खरे आहे. पण बंबाची भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटरची. एवढ्या पातळ पत्र्यात धातूचा अडथळा नगण्य असतो. खरा अडथळा नळीला लगटून जाणाऱ्या धुराच्या संथ थराचा आणि काजळीचा. काजळी धरलेला तांब्याचा बंब स्वच्छ स्टीलच्या बंबापेक्षा उशिरा पाणी देतो. तांबे घ्यावे ते वेगळ्या कारणांसाठी: तांबटाकडे दुरुस्त होते, गंजत नाही, आणि मोडीला चांगली किंमत येते. स्टीलचा बंब वेल्डिंगच्या रेषेवर बोअरच्या खाऱ्या पाण्याने बारीक छिद्रे धरतो आणि ती बुजवायला आर्गन वेल्डिंगवाला शोधावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी बंब स्वस्त, पण तो गंजणारच. भाड्याच्या घरात चार हिवाळे काढायचे असतील तर तोही चालेल.

तांब्याचा बंब वजनावर विकला जातो आणि फसवणूक तिथेच होते. पायाचे लोखंडी कडे, बिडाची जाळी, पितळी तोटी असे सगळे काट्यावर ठेवून तांब्याच्या भावाने पैसे घेतले जातात. हे भाग काढून वजन करायला सांगावे. शिवाय वजनावरून पत्र्याची जाडीही ताडता येते. अकरा इंच व्यासाच्या, पंधरा इंच उंच, चार इंच नळीच्या बंबात साधारण वीस लिटर पाणी मावते आणि त्याला अर्धा चौरस मीटरहून थोडा जास्त पत्रा लागतो. पत्रा २२ गेजचा असेल तर नुसते तांबे साडेतीन किलोच्या आसपास भरते, २४ गेजचा असेल तर पावणेतीन. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवावे. नळीला आणि बुडाला २२ पेक्षा पातळ पत्रा घेऊ नये; बाहेरच्या अंगाला २४ चालतो.

सांध्याला काय वापरले आहे हे विचारावेच लागते, कारण रंग दिल्यावर ते दिसत नाही. पितळी झाळ असेल तर सांधा पिवळसर आणि कडक असतो, नखाने ओरखडत नाही. कथील-शिशाचा डाख राखाडी, मऊ असतो आणि १८३ अंशांपासून वितळू लागतो. बंबात पाणी आहे तोवर नळी शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून डाखही वर्षानुवर्षे टिकतो. पाणी संपले आणि खाली जाळ चालू राहिला, की पाच मिनिटांत सांधा सुटतो. गळक्या बंबांचे सर्वांत मोठे कारण हेच. आणि डाखात शिसे असू शकते, म्हणून बंबातले पाणी चहाला, भाताला किंवा पिण्याला घेऊ नये.

बंब जाळावर कोरडा पडू नये यासाठी तोटी कुठे आहे ते बघणे फार महत्त्वाचे. बुडाशी तोटी असलेल्या बंबातून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी काढता येते आणि तेच त्याचे वाईट. शेवटची अंघोळ चालू असते, नळीचा वरचा भाग केव्हाच कोरडा पडलेला असतो, खाली निखारे फुललेले असतात. दुसऱ्या प्रकारात नरसाळ्यातून थंड पाणी ओतायचे, ते आतल्या पाइपातून बुडाशी जाते आणि वरच्या तोंडातून तेवढेच गरम पाणी बाहेर येते. गरम पाणी हलके म्हणून वर राहते, थंड खाली बसते, आणि बंब कधी रिकामा होत नाही. आमच्या मते घरगुती वापराला हाच प्रकार घ्यावा. घेताना नरसाळ्याचा पाइप खरोखर बुडापासून इंच-दीड इंचापर्यंत पोचतो का, ते काडी घालून पाहावे. तो अर्ध्यातच संपत असेल तर थंड पाणी वरच मिसळते आणि कोमट पाणी बाहेर येते.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. गच्चीवरच्या टाकीचा पाइप थेट बंबाला जोडायचा आणि बाहेर जाणाऱ्या पाइपावर कॉक बसवायचा, असे काम हल्ली सर्रास दिसते. कॉक बंद, टाकीकडच्या बाजूला उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह, आणि खाली जाळ: हा बंब राहत नाही, बॉम्ब होतो. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. पाइप जोडायचाच असेल तर बंबाच्या डोक्यावरून एक वेगळा उघडा पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत न्यावा, त्याला कॉक नको, टोपी नको, कापडाचा बोळाही नको. बंबापासून पहिला मीटरभर पाइप लोखंडी किंवा तांब्याचा असावा, पुढे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप. साधा पांढरा पीव्हीसी ६० अंशांच्या पाण्याने मऊ पडून लोंबतो. आणि साध्या ओतायच्या बंबाला टाकीचा दाब देऊच नये. त्याचे सपाट बूड त्यासाठी केलेले नसते, ते फुगते आणि सांध्यात उकलते.

बंब ठेवायचा कुठे? बाहेर. परसात, बोळात, पडवीत, कुठेही. पण न्हाणीत नाही. विडी घरकुलसारख्या वस्त्यांत जागा कमी, म्हणून न्हाणीच्या कोपऱ्यात बंब, दार लावलेले आणि झरोका थंडीमुळे बोळा घालून बंद, असे होते. ज्वाळा विझून नुसते निखारे उरतात तेव्हा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड त्याच वेळी भरपूर निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होणे, मळमळ, पायातले त्राण जाणे ही लक्षणे; माणूस अंघोळीच्या पाटावरच बेशुद्ध पडू शकतो. हीच गोष्ट बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीची. निखाऱ्यांची शेगडी दार-खिडकी लावून खोलीत ठेवून झोपणे जीवघेणे आहे, मग तिच्यात धूर असो वा नसो. तसेच नळीच्या वरचे झाकण जाळ असताना पूर्ण लावू नये.

बंब आतच ठेवणे भाग असेल तर चार इंची पत्र्याचे धुराडे छपराच्या वर किमान तीन फूट न्यावे. वाकण एकच आणि तेही तिरके; काटकोनी कोपऱ्यात काजळी साचते. वर पावसाची टोपी हवी, पण ती धुराड्याच्या तोंडापासून चार इंच उंच. पत्र्याच्या छतातून धुराडे काढताना भोक मोठे कापून भोवती लोखंडी गळपट्टी घालावी. गावठाणातल्या माळवदाच्या घरात विशेष जपावे: लाकडी तुळईपासून धुराडे दीड फूट तरी लांब हवे. जुने लाकूड रोज थोडे थोडे तापून कोरडे होत जाते आणि कधी तरी एकदम पेट घेते. अशा घरात धुराडे माळवदातून न काढता भिंतीतून काढावे.

जळणाबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ती ओलाव्याची. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी वाफ होऊन जाताना लाकडाची उष्णता घेऊन जाते आणि भट्टी थंड पडून धूर होतो. वखारीत लाकूड वजनावर मिळते. चाळीस टक्के ओलाव्याचे क्विंटलभर लाकूड घेतले, तर ते वाळून सत्तर किलो होते. पाण्याचे पैसे द्यायचे आणि वर धूर खायचा! सोलापूरचा उन्हाळा यासाठी वरदान आहे. होळीच्या सुमारास लाकूड घ्यावे, मनगटाएवढ्या जाडीच्या फोडी कराव्यात, विटांवर रचावे, वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. मृगाच्या आधी लाकूड तयार होते. ताडपत्रीत चारही बाजूंनी गुंडाळलेले लाकूड आतल्या आत घाम धरते आणि बुरसते. वाळले की नाही, हे दोन फोडी एकमेकांवर आपटून कळते: वाळलेल्या खणखणतात, ओल्या थप्प वाजतात. टोकांना भेगा आणि सुटलेली साल हीही चांगली खूण.

बाभूळ आणि वेडी बाभूळ दोन्ही जड, निखारा धरणाऱ्या, बंबाला उत्तम. पेटवायला तुराट्यांसारखे काही नाही, पण नुसत्या तुराट्यांवर पाणी तापवायचे तर दर दोन मिनिटांनी मूठ घालत बसावे लागते. द्राक्ष-डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या चांगल्या वाळवून वापराव्यात, फवारणीच्या औषधांमुळे स्वयंपाकाच्या चुलीत मात्र नको. करवंट्या फार तापतात, दोन-तीनच पुरतात. गोवरीत राख पुष्कळ आणि धूरही. तिने जाळी बुजते. पाचट भडकते आणि विझते, तिचा उपयोग नाही.

काय जाळू नये, हे सोलापुरात मुद्दाम सांगायला हवे. यंत्रमागाच्या कारखान्यांतले वाया गेलेले सूत आणि चिंध्या पेटवणासाठी आणल्या जातात. सुती असतील तर ठीक. पॉलिस्टरच्या किंवा मिश्र धाग्याच्या चिंध्या वितळून जाळीवर थेंब थेंब गळतात आणि नळीला चिकट काळा थर बसतो. टायर-ट्यूबचा तुकडा, रंगवलेली दारे, प्लायवूड, रेक्झिन, पाइपांचे तुकडे यांचा धूर विषारी. पीव्हीसीच्या धुरातले आम्ल तर तांबेही खाते.

पेटवण्याचा क्रम सोपा आहे. आधी पाणी भरावे, मगच काडी ओढावी. राख रोज काढावी, कारण हवा जाळीखालून येते. मूठभर मोडलेल्या तुराट्या, त्यावर अंगठ्याएवढ्या दोन-तीन ढलप्या, त्या धडधडू लागल्या की आठ इंच लांबीच्या दोन फोडी. भट्टीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये, एक तृतीयांश मोकळे राहिले पाहिजे. अर्ध्या तासात पाणी तयार होते. सुरुवातीला जाळीवर पाण्याचे थेंब पडून चुर्र आवाज येतो आणि घरचे घाबरून बंब परत करायला निघतात. ती गळती नव्हे. लाकडाच्या ज्वाळेत वाफ असते, ती थंड नळीवर दव धरते. पाणी चांगले गरम झाले की थेंब थांबतात. त्यानंतरही ठिबकत राहिले तर मात्र सांधा गेला समजावे. नवा बंब घेतानाही पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवायला सांगावे.

नळी आठवड्यातून एकदा तारेच्या ब्रशने साफ करावी. बाहेरून चिंच लावून चकाकवण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या निम्माही नळीला लागत नाही. बोअरच्या पाण्याने आत पांढरा थर बसतो. बंब तापताना गुणगुणू लागला, खडखडू लागला की थर जाड झाला. वीस लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबू सत्त्व विरघळवून दोन तास ठेवावे, खालचा गाळ हलवून ओतून टाकावा, दोनदा खळबळावे. संडास साफ करायचे ॲसिड कधीही घालू नये, ते सांध्यावर तुटून पडते. खाऱ्या पाण्यावर हे वर्षातून दोनदा, नळाच्या पाण्यावर एकदा पुरे.

ज्यांची स्वतःची गच्ची आहे आणि सौर बंबाला एकरकमी पैसे घालणे शक्य आहे, त्यांनी लाकडाच्या नादी लागू नये, असेच आम्ही सांगू. सोलापूरच्या उन्हात तो उत्तम चालतो. पण ज्यांच्याकडे शेतातले जळण आहे आणि गॅस स्वयंपाकालाच पुरवायचा आहे, अशी घरे शहराच्या कडेला आणि अक्कलकोट, मोहोळ, बार्शीच्या वाटेवर असंख्य आहेत. त्यांच्यासाठी बंब बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रत्येक बंबाच्या अंगावर चार गोष्टी ठोकून द्याव्यात: किती लिटर, नळीचा व बुडाचा गेज, नुसत्या तांब्याचे वजन, आणि सांधा झाळीचा की डाखाचा. नाव घालायचा ठसा मारणाऱ्या कारागिराला पाच मिनिटांचे काम आहे. तोवर गिऱ्हाइकाने या चारही गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात.

आपले,
तांबे-पितळेच्या कामाशी संबंधित दोन वाचक, सोलापूर